मातान्झासचा किनारा आणि वॉल्टरकाका

अमेरिकेतल्या कॅरीहून आम्ही चौघं निघालो. मी, गावाहून आलेली आई, आणि शेजारचे वॉल्टरकाका-मेरीकाकू. काकू कॅथलिक, काका प्रोटेस्टंट. काकांचे पूर्वज फ्रान्समधून जीव मुठीत धरून पळालेले ह्यूगनॉट (फ्रेंच प्रोटेस्टंट). पुढच्या आठवड्यात काकूंच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. त्याआधी फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीनच्या जुन्या चर्चमध्ये काकांनी एकदा आपल्यासोबत रांगेतून वेदीपर्यंत यावं, एवढंच काकूंचं मागणं. काकांनी सरळ सांगून टाकलं होतं, ड्राइव्ह करतो, पण रांगेत उभा राहणार नाही.

दुसऱ्या सकाळी आधी मातान्झासच्या खाडीवर थांबलो. एकीकडे उसळता अटलांटिक, दुसरीकडे काचेसारखं निश्चल पाणी, वर पेलिकनांची माळ. रेंजरबाईंनी सांगितलं, साडेचारशे वर्षांपूर्वी फ्रेंचांची जहाजं वादळात फुटली, उपाशी माणसं इथे शरण आली. स्पॅनिशांनी हात बांधून धर्म विचारला. कॅथलिक म्हणणारे वाचले. बाकीचे, थोडे कारागीर सोडले तर, मारले गेले. मातान्झास म्हणजे कत्तली.

घराण्यातली पहिली पदवीधर मी, तीही इतिहास घेऊन. युरोपातल्या धर्मयुद्धांची कारणं संगमनेरला परीक्षेत भराभर लिहिली होती: पोपची सत्ता, राजांची हाव, चर्चच्या जमिनी. चुकीचं काहीच नव्हतं. इथेही स्पेनला खजिन्याच्या जहाजांची वाट राखायची होतीच. पण त्या वाळूवर पाय ठेवल्यावर ती कारणं पुरेनात.

आईने विचारलं, देव तर दोघांचा एकच ना? मी भाषांतर केलं. काका म्हणाले, "उपासनेत वाटतात त्या भाकरीवरून भांडण होतं. ती खरंच प्रभूचं शरीर होते, की नुसती आठवण."

दुपारी दातिल (इथली झणझणीत मिरची) घातलेलं शिंपल्यांचं सूप प्यायलो. आईने डब्यातलं थालीपीठ खाल्लं आणि मिरची चाखून "बरी आहे" एवढंच म्हणाली.

संध्याकाळी मिस्सेला (कॅथलिकांची उपासना) गेलो. उंच लाकडी तुळया, मेणबत्त्या. आई मान वर करून बघतच राहिली. भाकरीसाठी रांग लागली. काका बाकावर घट्ट बसलेले. हात पुढे करणारी माणसं पाहून आईला वाटलं, प्रसाद. मी अडवायच्या आत डोक्यावर पदर, डाव्या तळव्यावर उजवा तळवा, आणि ती रांगेत.

काका कडेलाच होते, लगबगीने तिच्यामागे गेले. हे आपल्यासाठी नाही, त्यांनी खुणेने सांगितलं; हात छातीवर दुमडले की पाद्री नुसता आशीर्वाद देतो. आईने हात दुमडले. काका वळले तशी तिने त्यांची बाही धरली. "एकटी कशी जाऊ? मला कुठे येतंय इंग्रजी?"

काकांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण बाही सुटेना, आणि मागे रांग भरली होती. रांगेत पुढे असलेल्या काकूंनी वळून पाहिलं. मग काकांनी हळूच हात छातीवर दुमडले. पाद्रींचा हात डोक्यावर आला तेव्हा त्यांनी डोळे मिटले होते.

पुस्तकात ते वैर केव्हाच संपलं होतं. एका भल्या माणसाच्या गुडघ्यांत ते अजून बसून होतं, हे मी फ्लोरिडात पाहिलं. आणि तिथून उठतानाही पाहिलं.

परतीच्या वाटेवर जॉर्जिया ओलांडताना काका म्हणाले, "वडील असते, तर माझ्याशी पुन्हा बोलले नसते."

"मी बोलतेय ना," काकू म्हणाल्या.