उशाकडचा कोपरा

तळेगावच्या बाजारात गाद्या पिंजणाऱ्या चाचांना मी कधी स्वस्थ बसलेलं पाहिलं नाही. हातातलं काम टाकून ते मध्येच दाराशी जायचे, रस्ता बघायचे, परत यायचे. चाचा कापूस पिंजायचे आणि चाची गादीला टाके घालायच्या. चाची वारल्यापासून त्यांचं हे उठणं फारच वाढलं.

मी तेव्हा रांजणगावच्या कंपनीत होतो. उभ्यानं काम करून पाठ धरायची, म्हणून जुनी गादी पिंजायला टाकली. पिंजायची तर आधीचे टाके उसवून कापूस बाहेर काढावा लागतो. मी गेलो तेव्हा चाचा टाक्याखाली ब्लेड घालत होते आणि टाका न कापता तसंच काढून घेत होते.

"अजून चांगली हाय की. दिवाळीनंतर आणा."

आतून त्यांची मुलगी म्हणाली, "अब्बा, समद्यांच्या गाद्या माघारी धाडल्या. अम्मीच्या दौंडच्या बहिणीचीबी. आता खायाचं काय आपण?"

चाचा दाराशी जाऊन आले. "ह्यो टाका न् टाका तिच्या हातचा हाय. उसवला म्हंजी..."

आठवड्यानं गादी मिळाली. मऊ, फुगलेली, टाके मुलीचे. एक कोपरा मात्र टणक होता. तिथले जुने टाके त्यांनी उसवलेच नव्हते.

"तेवढं चालवून घ्या भाऊ," म्हणाले आणि पुन्हा दाराशी गेले.

तो कोपरा मी उशाकडंच ठेवतो. तिकडं पाय करून झोपवत नाही.