तेलाच्या विहिरींवर गेलेले सहा जण

पोशेऱ्याजवळच्या आमच्या पाड्यातले सहा जण परदेशी तेलाच्या विहिरींवर कामाला गेले, तेव्हापासून माझ्या ओट्यावर किस्से साचतात, खळ्यात पेंढा साचतो तसे. आया सहा, आणि मेसेज वाचता येतो मला एकटीला. वाचायला मी रेशनच्या गोणींवरून शिकले. कुणाच्या बापाचे उपकार नाहीत!

*

शेजारची सविता पहिल्याच दिवशी म्हणाली, "जमिनीतून तेल निघतं, तर आपण खुरासणी कशाला पेरतो गं?"

"ते तेल खाल्लंस तर मरशील!"

"मग पोरं कशाला पाठवली तिकडं?"



*

त्या देशावर अमेरिकेची बंदी, म्हणून कंपनी चालते अमेरिकेच्याच परवान्यावर. परवाना सांगतो, जुनी विहीर दुरुस्त करा, नवी खणू नका. माझा लेक लक्षा फोनवर म्हणाला, "आई, एकीला गळती, दुसरी नुसती खोकते."

"फोन करून माझंच वर्णन सांगतोस काय रे?"

*

एकदा पंपाचा पट्टा तुटला. नवा पट्टा बंदरात अडकला, कागद पुरा नव्हता. लक्षाने जुन्या टायरची पट्टी कापून बांधली. पंप चालू! साहेब ओरडला, "हे परवान्यात नाही!"

"सर, मग परवाना बांधून बघा, फिरतो का!"

*

पुढे परवानाच संपला. साहेब गेले, पाच पोरं परतली. पण पंप थांबला तर म्हातारी विहीर कायमची बुजते. नवा परवाना येईपर्यंत एकाने राहायचं होतं. लक्षा राहिला.

लक्षाला परत आणा म्हणून सांगायला मी तालुक्याला एका कचेरीत गेले. कारकून म्हणाला, "आजी, हा विषय आमच्या टेबलचा नाही."

"मग कुठल्या टेबलचा ते लिहून दे!"

त्याने माझ्याच पेनाने लिहिलं, 'संबंधित'.

*

आमच्यात रानातली कवळी भाजी भगताने देवाला दाखवल्याशिवाय कुणी तोंडात घालत नाही. यंदा भगत जामसरला आजारी लेकीकडे गेलेला, पूजा लांबली. त्यात लक्षाचा फोन.

"आई, इथं विहिरीपाशी कुरडूसारखी भाजी उगवलीय. पूजा झाली का गं?"

"नाही. हात लावू नकोस. नियम तो नियम!"

तो म्हणाला, "आई, शिधा संपून चार दिवस झाले. दुसरं काहीच नाही इथं."

मी फोन हातात धरून परसात गेले, आपोआप उगवलेली कुरडूची भाजी खुडली, देवापुढे ठेवली. ते काम भगताचं, माझं नव्हे.

"झाली पूजा. खा!"

"आधी तू घे."

मी कच्चंच पान तोंडात घातलं. तिकडून चावल्याचा आवाज आला.