रस्त्यावरचे सहा सापळे

रोह्याजवळ वरसे गावात हन्नाबाईंची आंब्यांची बाग होती आणि नाथा तिचा राखणदार. पण सत्त्याण्णव सालच्या त्या उन्हाळ्यात नाथा राखणदार राहिला नव्हता, शास्त्रज्ञ झाला होता. शेतकी खात्याचे कमळाकर साहेब त्याला फळमाशीचे सहा सापळे देऊन गेले होते. प्लास्टिकचा डबा, आत औषधात भिजवलेला लाकडी ठोकळा. वासाला भुलून माशीचे नर आत येऊन मरतात, माद्या बिनलग्नाच्या राहतात आणि आंब्यात अळी पडत नाही. "बागेत आत टांगायचे, सावलीत," साहेबांनी दोनदा बजावलं होतं.

नाथाने सहाच्या सहा डबे रस्त्याकडच्या झाडांना टांगले. आत टांगले तर बघणार कोण? वळणावर नागोठण्याची एसटी हळू व्हायची. ड्रायव्हर ओरडायचा, "नाथा, आज किती?" नाथा डबा उतरवून मेलेल्या माश्या पोह्यांसारख्या तळहातावर पसरून दाखवायचा.

मेअखेर हन्नाबाई कायमच्या इस्राएलला निघाल्या, लेकाकडे. जाण्याआधी त्यांनी घरी मलिदा केला, ज्यूंच्या प्रार्थनेचं ताट. गोड पोहे, खोबरं, भोवती फळं; आणि मधोमध मागीलदारच्या पायरी जातीच्या झाडाचे आंबे. ते झाड त्यांच्या नवऱ्याने लावलेलं. पाहुणे पेणपासून आलेले. एवढी माणसं बघून नाथाला राहवलं नाही.

"एक आंबा किडका निघाला ना, तर ही मिशी उतरवा!"

प्रार्थना झाली. हन्नाबाईंनी पहिला आंबा कापला. आतून पांढऱ्या अळ्या टुणटुण उड्या मारत स्वच्छ चादरीवर आल्या. दुसरा कापला. तिसरा.

कुणी हसलं नाही. मिशीचं नाव कुणी काढलं नाही. काढलं असतं तर नाथाने तिथेच वस्तरा मागवला असता, सुटला असता.

"चिकू काढ गो," हन्नाबाई शीरा नावाच्या भाचीला म्हणाल्या आणि आंब्यांवर शांतपणे ताट उपडं घातलं.

"बाय, माजं चुकलं. डबे तिकडं लावलेच नाय..."

"मला रस्त्यावरनं दिसत होते रे. तू इतका खुशीत होतास, बोलले नाही."

हे त्याला फार लागलं.

हन्नाबाईंच्या निघण्याच्या सकाळी तो पायरीच्या झाडाखाली टोपली घेऊन बसला. त्यांना वाटेत खायला सहा तरी चांगले आंबे द्यावेत. एकेक उचलला, दाबला, हुंगला. सगळे वरून देखणे, अगदी त्याच्यासारखे. एकाचीही खात्री देववेना. टोपली तिथेच टाकून तो रस्त्याकडचे डबे उतरवू लागला.

तेवढ्यात एसटी वळणावर आली. खिडकीत हन्नाबाई.

"नाथा, आज किती?" ड्रायव्हर ओरडला.

नाथाने दोन्ही हातांतले डबे पाठीमागे लपवले. त्यामुळे खिडकीतून हललेल्या हाताला उलट हात काही त्याला करता आला नाही.