ती बाई घरी पोचली का?

कॉलेजात मी इंग्रजी विषय घेतला तेव्हा आमच्या अर्ध्या कळंब गावाने मला वेड्यात काढलं. मराठी शाळेतली पोर, हिला झेपणार आहे का? झेपत नव्हतंच, पण तोंडावर पडायचं नाही म्हणून हट्टाने बसायचे. विरारच्या वर्गात मॅडम घडाघडा बोलत आणि मी नुसती मान डोलवायचे.

मला इंग्रजी आलं ते आईमुळे, आणि तिला तर एबीसीडीही येत नव्हती. कॉलेजातून आले की आम्ही दोघी बोंबील वाळत घालायचो. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि दोरीवर टाकायचे. हात चालू असताना ती म्हणायची, "आज काय शिकवलं, सांग."

अभ्यासाला एक कादंबरी होती. लढाईत गाव सुटलेली एक बाई पायी घरी परत निघते. आईच्या मनात ती बाई भलतीच बसली. "पायात काय होतं तिच्या? कोनी पानी पन नाय विचारलं?" आता हे मॅडमनी कुठे सांगितलेलं! मग मी कुरकुरत पुस्तक उघडायचे, मोबाइलवर एकेक शब्द बघायचे आणि दुसऱ्या दिवशी तिला आमच्या बोलीत सांगायचे. असं सांगता सांगता मला इंग्रजी कळायला लागलं. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं आणि आई आजारी पडली.

पोटात गाठ. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, फार दिवस नाहीत. आईने मात्र मला बघताच विचारलं, "पोचली का गो ती घरी?"

"उद्या सांगते," म्हटलं आणि वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसून ते प्रकरण वाचलं. मोबाइल न उघडता, सलग, पहिल्यांदाच. सगळं समजलं. एरवी मी नाचले असते. बाई गावाच्या वेशीवर, पुलाखाली, थंडीने मरते. तिथून तिला घरातला दिवा दिसत असतो. मेलं ते पुस्तक, उचलून समुद्रात फेकावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी आईला सांगितलं, "पोचली."

"इंग्लिशमदी असंच हाय?"

"असंच आहे."

"घरात कोन होतं?"

"पोरगी. तिने पाय धुवायला गरम पाणी दिलं."

"बरं केलं पोरीनं," म्हणाली आणि तिने डोळे मिटले. त्याच आठवड्यात ती गेली.

परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला, बाईचा शेवट कसा होतो? पुलाखाली मरते, मी लिहिलं. पानभर इंग्रजी लिहिलं, एक शब्द अडला नाही. आईपुढे जे जिभेवर आलं नाही ते हात सरसर लिहीत होता, आणि मला त्या हाताचा राग येत होता.

घरी आले, बोंबलांची पाटी घेऊन दोरीपाशी गेले. जबड्यात जबडा अडकवत राहिले. पेपरात काय आलं, कोणी विचारलं नाही. मग मी आपणहूनच सांगितलं, "पोचली गो आये, पोचली."