कोरड्या डोंग्यात खारं पाणी

मी भुताखेताले मानणारा माणूस नव्हे, हे पहिलेच सांगून ठेवतो. पेपरच्या या पानावर लोकं लिहितात - पांढरं लुगडं दिसलं, पैंजण वाजले... वाचून मले घिन येते. रिकामटेकडे धंदे! माझं शिक्षण दुसरी, पण नाक अन् जीभ शाबूत आहे. मी लिहून राहिलो ते वासाचं अन् चवीचं आहे. ज्याले पटत नसेल त्यानं पान उलटावं.

आमचं गाव साकोलीपासून चार कोसावर, नागझिऱ्याच्या डोंगराकडे. तलाव एवढा मोठा, की या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, हाक मारली तर त्या काठाले पोचत नाही. आम्ही ढिवर. मासोळी अन् शिंगाडा, याच्यावरच पोट. डोंगा म्हणजे आमची लाकडी नाव; तो बुजवावा तर माझ्या बापानं, अन् त्याच्या मागं मी. जुन्या लुगड्याच्या चिंध्या राळेत भिजवायच्या अन् भेगेत ठोकायच्या. थेंब आत येत नाही. डोंग्यात भोक दिसलं अन् ते तसंच सोडलं, असा माणूस आमच्यात जन्मला नाही.

मोठ्या लढाईच्या काळात या तलावावर विमान उतरलं. पाण्यावर! चाकं नाहीत, पोट होडीसारखं, पंखांखाली दोन लहान होड्या लटकलेल्या. इंजिन बिघडलं म्हणून उतरलं अन् आठ दिवस राहिलं. सोबत एक बंगाली मिस्त्री होता. तो सांगे, पहिले असली विमानं डाक अन् शेठलोकं नेत. लढाई लागली तशा त्यालेच बंदुका लावल्या अन् समुद्रावर पाणबुड्या हुडकायले धाडलं. उतरताना आपटून पोटाचे रिबिट ढिले झाले होते, रोज पाणी भरे. ते उपसायले मले ठेवलं. काय घाण होती आतमध्ये! पेट्रोल, काळं तेल, कोणाची तरी ओकारी, अन् कुठल्या तरी समुद्राचं सडकं पाणी... घरी आल्यावर भाताचा घास तोंडात जात नव्हता.

मिस्त्री रोज म्हणे, "सिर्फ पानी निकालो, भैया. और किसी चीज को हाथ मत लगाना."

पण विमानाच्या पोटात पत्र्याच्या आडव्या भिंती होत्या, अन् हरेक भिंतीच्या बुडाशी बोराएवढं भोक. इकडचं पाणी तिकडे जाय. म्या म्हटलं, एवढे शिकलेले लोकं, अन् भोक बुजवता येत नाही यायले! शेवटच्या सकाळी आईचं हिरवं, पिवळ्या काठाचं लुगडं फाडलं, राळ लावली अन् शेपटीकडची सगळी भोकं ठोकून बुजवली. कोणाले सांगितलं नाही. विमान उडालं. मिस्त्रीनं खिडकीतून हात हलवला. समुद्रावर पोचलो की चिठ्ठी लिहीन म्हणाला होता.

चिठ्ठी आली नाही. अन् मी तीस वर्षं सांगत फिरलो, की सरकारचं विमान माह्या हातानं उडालं.

आता मुख्य गोष्ट. सत्तर सालानंतरची. त्या वर्षी शिंगाडा मस्त फळला होता. पिकला शिंगाडा लगेच तोडाच लागते, नाही तर गळून चिखलात जाते. घरी डोंगा एकच. मी तो नव्यानं बुजवून अंगणात दोन ओंडक्यांवर वाळत ठेवला होता. शेपटीखालचा ओंडका हातभर उंच. दुसऱ्या दिवशी माझा मुलगा बुधा तोडणीले निघणार होता.

त्या दिवशी बुधाचा साळा आला. हवाई दलातून रिटायर, साकोलीले सायकलचं दुकान. जेवताना मी विमान काढलंच. तो घास हातात धरून पाहत राहिला.

"मामाजी, ते भोकं मुद्दाम ठेवतात. सगळं पाणी एका जागी यावं अन् पंपानं निघावं म्हणून. बुजवले तर शेपटीत पाणी अडकते. शेपूट जड झाली, की समुद्रावर उतरताना..."

"तू मले शिकवते? जाय, पंक्चर काढ लोकायचे!" त्याले मी ताटावरून उठवलं.

"पाव्हण्याले जेवता उठवलं," माझी बायको भागरता म्हणे. "थू तुमच्या त्या विमानावर!"

सकाळी बुधानं हाक मारली. डोंग्यात पाणी. पाऊस नाही, दव नाही. अन् पाणी कुठं? शेपटीत! जी बाजू हातभर उंच, तिथं वीतभर पाणी उभं, अन् खालचं टोक कोरडं ठक्क. जवळ गेलो. तोच वास. पेट्रोल, तेल, ओकारी...

"कोण्या हरामखोरानं मस्करी केली, बाबा."

मी बोट बुडवून चाखलं. खारट, अन् मागून कडू. मी जन्मात समुद्र पाहिला नाही.

पाणी उपसून तलावाच्या काठाले फेकलं, अन् वास जाईना म्हणून डोंगा घासण्यात दिवस गेला. दुपारपर्यंत तिथले शिंगाड्याचे वेल काळे पडले. दुसऱ्या सकाळी डोंगा पुन्हा भरलेला. पुन्हा उपसला, अन् उचलायले चौघं लागलो. पुढचं टोक काडीसारखं उठे, शेपूट जागची हालत नव्हती. शेजारचा डोमा म्हणे, "काय बाप्पा, हत्ती बसवला का आत?"

बुधाच्या डोळ्यांत पाणी आलं. "शिंगाडा गळून राहिला, बाबा. अजून चार दिवस असं झालं तर वर्षभर काय खाऊ?"

भागरता माझ्याकडेच पाहत होती. "तो साळा बोलला ते खरं का?"

मी शेपूट उचलायले पुन्हा वाकलो.

तिसऱ्या सकाळी त्या घाण पाण्यात एक बोळा तरंगत होता. पिळला. आत राळ. कपडा हिरवा, काठ पिवळा. त्या लुगड्याचा उरलेला तुकडा आईच्या सरणावर गेला होता. घरात त्याची चिंधी नव्हती.

मी तिथंच ओकलो. या खेपेले वासानं नाही. स्वतःची घिन आली मले.

तसाच पाळीवर गेलो. पंधरा-वीस जण होते. सांगून टाकलं - भोकं म्या बुजवली, मनाई असताना बुजवली, ते विमान माह्यामुळे बुडालं असंल. लोकं हसले!

"बुढा आता उलटं सांगून राहिला!" डोमा म्हणे. "तीस वर्षं उडवलं, आज बुडवलं!"

भागरता हसली नाही. घरी येऊन तिनं एकटीनं सगळं पाणी उपसलं अन् परसात खड्डा करून ओतलं. मग विचारलं, "किती जण होते आत?"

"मिस्त्री धरून नऊ."

चौथ्या दिवशी डोंगा कोरडा. भुशासारखा हलका. बुधानं अर्धा शिंगाडा वाचवला.

ते विमान बुडालं का पोचलं, मले आजही माहीत नाही. उंच टोकाले पाणी कसं राहिलं, विमानात ठोकलेला बोळा परत कसा आला... गावच्या मास्तरले विचारलं, बुधाच्या साळ्याची माफी मागून त्यालेही विचारलं. दोघायनंही बोळा हुंगून पाहिला अन् परत दिला. गावात पाव्हणा आला, की अजून दाखवतात, "याच बाबानं विमान दुरुस्त केलं." नाही म्हटलं तर हसतात. तीस वर्षं माझं खोटं आवडीनं खाल्लं यायनं, खरं एक घास उतरत नाही. शिसारी येते.

बोळा टिनाच्या डबीत ठेवला आहे. भर उन्हाळ्यात उघडा, ओलाच असते. भागरता म्हणते, त्या मिस्त्रीचं नाव घेऊन पाण्यात सोडा.

नाव मी कधी विचारलंच नव्हतं.