माल भरल्यावर मोजू

टकटकमामा कुठल्याही इमारतीत शिरले की आधी बोटाच्या पेरांनी भिंतीवर टकटक करत. दवाखाना असो की डाळमिल, मालक चहा घ्या म्हणत राहायचा आणि हे भिंतीला कान लावून उभे. हिंगोलीकडे वायफायची यंत्रं निवडून बसवून देणारे बरेच झालेत. यंत्राआधी भिंतीची चौकशी करणारे हे एकटेच. खरं नाव कुणी घेतच नसे.

मी सेनगावच्या सोयाबीन गोदामाचा मॅनेजर. पत्र्याखाली मोबाइलला रेंज नाही, म्हणून हमालांना वायफायवरून ऑफिसला फोन लावता यावा, एवढंच काम होतं. खोक्यावरचं चित्र पाहून मी सहा शिंगांसारख्या अँटेनांचा एकच मोठा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारं यंत्र, पसंत करून ठेवला होता. मामांनी खोकं उचललं आणि परत टेबलावर ठेवलं.

"साहेब, ह्याचा आवाज मोठा हाय. ह्याचं फोनला ऐकू येईल. पर फोन म्हंजी लेकरू. पोत्यांच्या थप्पीमागून त्यो बोलला तर ह्याला ऐकू येणार न्हाई. लहान लहान चार लावू, हर गल्लीत एक."

गोदाम तेव्हा रिकामं होतं. "माल भरू द्या, मंग मोजू. रिकाम्या घरात कुणाचंबी ऐकू येतं," हे त्यांचं पालुपद. ओलसर सोयाबीनची पोती सिग्नल पिऊन टाकतात, म्हणून सिग्नल भरल्या गोदामातच मोजायचा, असं ते सांगत होते. पण आठवड्यात मालक यायचे होते आणि मला छताला काहीतरी भारदस्त लटकलेलं दाखवायचं होतं. मी आवाज चढवला. मामांनी शिडी मागवून तो एकच मोठा छताला लावला. जाताना म्हणाले, "भरल्यावर बलवा बरं का." मी बोलावलं नाही.

हंगामात एका दुपारी सगळे पुढच्या दाराशी ट्रक उतरवत असताना मागच्या गल्लीत थप्पी कोसळली. साखरा गावचा मारुती हमाल छातीपर्यंत दबला. आम्हाला तो सापडला तेव्हा संपलेला होता. हातातल्या फोनवर वायफायच्या सगळ्या रेघा भरलेल्या होत्या आणि त्याखाली ऑफिसला लावलेले अकरा कॉल. एकही लागला नव्हता.

मालकांनी मामांना माझ्यासमोर विचारलं, "न मोजता बसवलंच कसं?" मामांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी टेबलावरच्या काचेकडे बघत बसलो. "चूक माझी हाय. म्या बसवायलाच नव्हतं पायजे," ते म्हणाले. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते. मामांना मग कुणी काम देईना.

पुढच्या हंगामात ते न बोलावता आले. भरलेल्या थप्प्यांवर टकटक करत दिवसभर फिरले, मोजून चार लहान यंत्रं लावली आणि निघून गेले.

यंदा मामा वारले. शिरड शहापूरला त्यांच्या घरी गेलो, तर बैठकीची खोली माणसांनी भरलेली. मामींनी मला ओळखलं.

"तुमी सेनगावचे साहेब व्हय? लोकं काय काय बोलायचे, पर त्यांनी कधी तुमचं नाव घेतलं न्हाई. एवढंच म्हनायचे, साहेब एक दिवस येऊन सांगतील." त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला. "सांगा आता. समदे हायेत."

मी सांगायला लागलो. मागून कुणीतरी म्हणालं, "हिकडं ऐकू येऊन न्हाई राहिलं, साहेब. मोठ्यानं बोला."