नववं वचन

लिफ्टवाल्याने त्या शनिवारी बायकोच्या आधी उठून चहा केला, यात प्रेमाचा भाग अजिबात नव्हता. तो डाव होता.

त्या घरात रोज सकाळी कामाला लागण्याआधी पवित्र शास्त्राचा एक अध्याय वाचला जाई. एक वचन त्याचं, पुढचं तिचं, परत त्याचं. नियम त्याच्या आईने घालून दिलेले होते. ज्याने चहा केला त्याने सुरुवात करायची. एकाचं वचन दुसऱ्याने वाचायचं नाही. नकोसं वचन गाळायचं नाही. आणि अध्याय अर्धा टाकून उठायचं नाही, मग गॅसवर दूध उतू जावो नाहीतर दारात पाहुणा उभा राहो. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण नियम ठणठणीत होते.

एरवी हे वाचन सरळ चाले. पण नवराबायकोचं वाजलं की ते दोघं बोलणं बंद करत आणि वाचन तेवढं चालू ठेवत. मग जे काही सुनावायचं ते वचनांतून सुनावलं जाई. आवाज कुठे चढवायचा, कुठे थांबून समोर बघायचं, यात दोघंही तयार झाले होते.

या खेपेचं भांडण त्याच्या थोरल्या भावावरून होतं. दादाला गुडघ्याचं ऑपरेशन करून घ्यायचं होतं, इस्पितळ याच शहरात होतं, आणि दादाने फोन केला तो थेट लिफ्टवाल्याच्या बायकोला. तिने पडदे शिवता शिवता "या की, घर तुमचंच आहे" असं सांगून टाकलं.

"मला विचारलंस?" तो म्हणाला होता.

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

"मग?"

"मग काय? म्हणून नाही विचारलं."

यावर माणसाने बोलायचं तरी काय! त्याने बोलणंच सोडलं.

दादावर त्याचा राग कशाचा, हे सगळ्या नातेवाइकांना पाठ होतं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं याने केलं. अंग पुसणं, औषधं, कूस बदलून देणं आणि रोज सकाळी तिच्या उशाशी बसून अध्याय वाचणं. एक वचन हा वाचे आणि दुसरं आई तोंडपाठ म्हणे. दादा लांबच्या शहरात मोठ्या नोकरीत. तो दफन झाल्यावर पोचला, सांत्वनाच्या प्रार्थनेत आईवर सुंदर बोलला, बायकांना रडवलं, आणि जाताना आईचं बायबल पिशवीत घालून घेऊन गेला. ठळक अक्षरांचं, आईच्या बोटांनी कडा काळ्या झालेलं ते पुस्तक. "थोरल्याकडे असावं," एवढंच म्हणाला. लिफ्टवाला तेव्हा पाहुण्यांच्या खुर्च्या परत करायला गेला होता. आल्यावर त्याला उशाशी पुस्तकाची जागा रिकामी दिसली. तेव्हापासून तो दादाशी बोलला नव्हता.

आणि नशीब असं की अबोला सुरू झाला तेव्हा वाचन नेमकं याकोबाच्या गोष्टीत आलं होतं. याकोबाची बायको राहेल बापाच्या घरातल्या मूर्ती पळवते आणि त्यांच्यावर बसून राहते, ते वचन याच्या वाट्याला आलं. त्याने ते असं सावकाश, एकेक शब्द सुटा करून वाचलं की बायकोने कप बशीवर आपटला. पुढे याकोब उन्हातान्हात, थंडीवाऱ्यात राबल्याचं रडगाणं सासऱ्यापुढे गातो, तेही याच्याकडेच आलं. ते तर याने घसा दाटून वाचलं.

शुक्रवारी संध्याकाळी त्याने बायकोची पाठ फिरल्यावर पुढचा अध्याय उघडून पाहिला आणि त्याला घाम फुटला. याकोब घरी परततो तो दिवस. त्याने फसवलेला भाऊ एसाव समोरून येतोय, आणि आता मारामारी होणार असं वाटत असताना तो धावत जाऊन याकोबाच्या गळ्यात पडतो आणि दोघं रडतात. चौथं वचन. आणि दादा यायचा होता शनिवारीच, संध्याकाळच्या गाडीने. हे वचन आपल्या तोंडून वदवून घ्यायला बायको टपलेली असणार, याबद्दल त्याला शंका नव्हती. त्याने बोटांवर मोजलं. सुरुवात आपण केली तर चौथं तिच्याकडे जातं. म्हणून चहा.

बायको जागी होती. ती नुसती पडून होती, हे त्याच्या लक्षात यायला हवं होतं. चहा आयता मिळाल्यावर तिने तोंडातून अक्षर न काढता खुर्ची ओढली आणि चष्मा पुसला.

पहिलं त्याने वाचलं, दुसरं तिने, तिसरं त्याने. चौथं तिने सरळ वाचून टाकलं. टोमणा नाही, नजर नाही, काही नाही. पगारपत्रक वाचावं तसं. त्याला जरा चुकल्यासारखंच झालं. डाव जिंकला, पण समोरचा खेळतच नव्हता. तो निवांत पुढे वाचत गेला. पाचवं, सातवं. आठवं तिने वाचलं: याकोबाने पुढे पाठवलेली ही सगळी जनावरं कशासाठी, असं एसाव विचारतो, आणि तुझी मर्जी मिळावी म्हणून, असं याकोब सांगतो.

नवव्यावर त्याचं बोट थांबलं.

एसावाचं उत्तर होतं. माझ्यापाशी भरपूर आहे, भावा. तुझं ते तुझ्यापाशीच राहू दे, अशा अर्थाचं. इवलंसं वचन. एका श्वासात होण्यासारखं.

मूर्खासारखं आपण चारपर्यंतच मोजलं, हे त्याला कळलं. आणि समोरच्या बाईने नऊपर्यंत मोजलं होतं, हेही.

बायको वाट बघत होती. आता तिने चष्म्यावरून पाहिलं.

"तुमचं आहे," ती म्हणाली. अबोल्यातले पहिले शब्द.

"माहितीये माझं आहे!"

"मग वाचा."

"नाही वाचत जा!" तो खुर्ची मागे ढकलून उठला. "हे पुस्तकसुद्धा ज्याचं नुकसान झालं त्याच्याच मागे लागतं. ज्याने केलं तो मजेत."

"अध्याय अर्धा आहे."

"असू दे अर्धा!" त्याने लिफ्टदुरुस्तीच्या हत्यारांची पिशवी उचलली आणि दार लावलं. ते नेमकं हळू लागलं. दार आपटण्याचंही सुख त्या दिवशी नशिबात नव्हतं.

दिवसभर तो एका कार्यालयाच्या इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उतरून काम करत होता आणि मनातल्या मनात भांडत होता. चर्चमधली माणसं उठून साक्ष द्यायची, आज वचन माझ्याशी बोललं, वचनाने मला उचलून धरलं. याला इतक्या वर्षांत वचनाने कधी उचललं नव्हतं. वचन याच्याशी बोले ते सुपरवायझरसारखं: हे राहिलं, ते राहिलं, हे कोण करणार? एकदा त्याने पाळकसाहेबांना विचारलंही होतं, की रोज वाचूनही काही वाटत नाही, तर वाचायचं कशाला? पाळकसाहेब म्हणाले, तुम्ही लिफ्टला तेलपाणी करता ते ती बंद पडल्यावर की आधी? उत्तर त्याला पटलं होतं. म्हणूनच आज जास्त चीड येत होती. इतकी वर्षं न चुकता तेलपाणी केलं आणि एका ओळीवर यंत्र अडकलं ते अडकलंच. असं एखादं मशिन असतं तर त्याने बदलूनच टाकलं असतं.

वरून कोणीतरी वाकून विचारलं, "किती वेळ लागेल हो?"

"लागेल तेवढा!" तो खालून ओरडला.

दादाला आणायला स्टेशनवर जायचं नाही, हे त्याने ठरवलंच होतं. मुद्दाम उशीर करून तो घरी परतला, तर इमारतीच्या तळमजल्यावर चार माणसं गोळा झालेली. वॉचमन म्हणाला, "बरं झालं आलात. तुमचेच पाहुणे आहेत. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे अडकलेत."

लिफ्टवाल्याने कपाळावर हात मारला. तिसऱ्या मजल्याच्या दाराचं कुलूप झिजलंय, हे तो सोसायटीच्या प्रत्येक सभेत सांगत आला होता. पण या लिफ्टचं काम दुसऱ्या कंपनीकडे होतं, आणि घरच्या माणसाचं ऐकतो कोण!

"त्यांचा माणूस निघालाय म्हणे," वॉचमन म्हणाला. "तासाभरात येईल."

म्हणजे हात लावायची गरज नव्हती. लिफ्ट त्याची नाही, जबाबदारी त्याची नाही. वर जाऊन हातपाय धुवावेत, तासाभराने जे व्हायचं ते होईल. हा विचार त्याच्या मनात आला आणि चांगला ऐसपैस बसला.

तेवढ्यात वरून दबका आवाज आला, "अहो, कोणी आहे का? मला उभं राहवत नाही, आणि खाली बसलो तर उठता येणार नाही."

लिफ्टवाला धावला. दोन-दोन पायऱ्या टाकत तो तिसऱ्या मजल्यावर पोचला आणि दाराशी तोंड नेऊन ओरडला, "दाराला हात लावू नकोस!"

"बारक्या? तूच का रे?"

"दाराला हात लावू नकोस म्हटलं ना! भिंतीला टेकून उभा राहा. लिफ्ट हलेल, घाबरू नकोस."

इतक्या वर्षांनी भावाशी पहिलं बोलणं व्हावं ते असं. यासाठी त्याने मनात केवढी भाषणं तयार करून ठेवली होती!

तो तसाच वर धावला. गच्चीवरच्या मशिनच्या खोलीची किल्ली घेऊन बायको आधीच उभी होती. त्याने मेन स्विच बंद केला. हाताने लिफ्ट हलवायची तर दोन माणसं लागतात. एक ब्रेक मोकळा करायचा दांडा दाबून धरणार, दुसरा चाक फिरवणार.

"मी सांगितलं की दाबायचं, सांगितलं की सोडायचं. मधेच सोडलंस तरी चालेल, पण मधेच दाबू नकोस."

"कळलं."

"दाब."

"दाबलं."

"सोड."

"सोडलं."

"दाब."

"दाबलं. हात भरून आला हो."

"आईच्या वेळी माझे भरून यायचे. दाब."

"टोमणे नंतर. फिरवा."

दोरावरची खूण तिसऱ्या मजल्याला जुळली तेव्हा दोघंही घामाघूम झाले होते. खाली येऊन त्याने किल्लीने दार उघडलं. आत दादा होता; केस पांढरे, एक पाय वाकडा, आणि छातीशी धरलेली कापडी पिशवी. लिफ्टवाल्याला आठवत होता तो दादा यापेक्षा अंगाने बराच मोठा होता.

"किती दमलास रे," दादा म्हणाला. आणि आणखी काही बोलण्याआधी त्याने पिशवीतून आईचं बायबल काढून पुढे धरलं. "हे आधी घे. तुझं आहे. मला तेव्हाच कळत होतं."

लिफ्टवाल्याचा चेहरा पडला. ज्या पुस्तकासाठी तो इतकी वर्षं आतल्या आत जळला, ते न मागताच हातात येत होतं. हा कसला न्याय! भांडायला माणसाने जागा तरी ठेवावी.

त्याने पुस्तक हातात घेतलं. कडा आणखी काळ्या झाल्या होत्या.

"वाचतोस?" त्याने विचारलं.

"आधी नुसतं कपाटात होतं. बायको गेली तेव्हा उघडलं. आता रोज. बारीक अक्षर दिसतच नाही मला, हेच एक दिसतं." दादा ओशाळून हसला. "असू दे. तू कुठे देशील ती एखादी सतरंजी आणि हे कधीमधी वाचायला दे, बास."

"काहीतरी बोलू नकोस!" लिफ्टवाला खेकसला. त्याने पुस्तक दादाच्या पिशवीत परत कोंबलं. "राहू दे तुझ्यापाशीच. आमच्याकडे आहे एक. भरपूर आहे आमचं."

जिन्यावर कोणीतरी फिसकन हसलं. बायको होती. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्याने डोळे गच्च मिटले.

"झालं ना नववं?" ती म्हणाली. "आणि चौथं तर पायांनीच वाचलंत."

"गप्प बस आणि त्याची दुसरी पिशवी घे!"

उरलेले मजले दादाला हाताला धरून चढवावे लागले. दर पायरीवर दादा "सावकाश रे" म्हणत होता आणि हा "सावकाशच चाललोय" म्हणत होता. घरात टेबलावर अध्याय सकाळपासून तसाच उघडा होता. बायकोने बोट ठेवलं, "इथून." लिफ्टपाशी म्हटलेलं धरायला ती तयार नव्हती. नियम म्हणजे नियम. त्याने नववं वचन दात ओठ खात वाचलं.

"आता माझं," बायको म्हणाली, "पण मी भाऊजींना देते."

"दुसऱ्याचं वाचायचं नाही!" लिफ्टवाला म्हणाला.

"माझं आहे, मी देते. द्यायचं नाही असं आई म्हणाल्या नव्हत्या."

दादाने पिशवीतून आईचं पुस्तक काढलं, पान शोधलं आणि नाकाजवळ धरून दहावं वाचलं. भावाचं तोंड पाहून याकोबाला देवाचं तोंड पाहिल्यासारखं वाटलं, असं त्यात होतं. दादाने वाचून मान वर केली, ग्रीसने माखलेल्या, कपाळावर आठ्या घातलेल्या भावाकडे बघितलं आणि त्याला हसूच आवरेना.

"हसतोस काय? वाच नीट!" लिफ्टवाला म्हणाला.

अध्याय संपला. बायको बिछाना घालायला उठली. लिफ्टवाल्याने इकडेतिकडे बघत हळूच पुढचं पान उलटलं आणि बोटांवर मोजायला लागला. पण आता वाचणारी माणसं तीन होती, आणि चहा कोण करणार हेही नक्की नव्हतं. त्याने वैतागून पुस्तक मिटलं आणि बायकोला हाक मारली, "अगं, त्याला सतरंजी नको! आपली गादी दे त्याला. गुडघा आहे त्याचा."